पेरू नेमका कुठला?

प्रश्न : माझा सहावीतला नातू नकाशात पेरू देशावर बोट ठेवून विचारतो, "आजोबा, हा देश म्हणजे आपल्या पेरूचं गाव ना?" मी हो म्हणून टाकलं. तेव्हापासून तो रोज एक नवं नाव काढतो : मोसंबी कुठली, संत्रं कुठलं, बेडगी मिरची कुठली? खाण्यापिण्याच्या वस्तूंना गावांची नावं कशी पडतात, ते जरा सांगाल का?
— एक आजोबा, संगमनेर

उत्तर : आजोबा, नातवाला शाबासकी द्या, पण उत्तर मात्र बदलून सांगा. आपल्या पेरूचा पेरू देशाशी संबंध असण्याची शक्यता फार कमी आहे.

खंड त्याने बरोबर पकडलाय. पेरूचं झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं आणि आपल्याकडे ते आणलं पोर्तुगीजांनी. पण पेरू देश जिंकला स्पॅनिशांनी. त्यांचा सेनानी पिझारो मूठभर माणसं घेऊन १५३२ साली तिथे घुसला. पोर्तुगीजांच्या वाट्याला आला तो ब्राझील. आता पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. अमेरिकेत हे फळ पहिल्यांदा हातात घेणाऱ्या खलाशाला नासपती आठवली नसती तरच नवल. देठाकडे तसंच निमुळतं, गरही तसाच रवाळ. गोव्यात कोकणीत हे फळ अजूनही 'पेर' आहे आणि नाताळात त्याची जी लालसर वडी करतात ती 'पेराद'. केरळात पेरक्का, सिंहलीत पेर, बंगालीत पेयारा. नातवाला या जागांवर नकाशात टिंबं द्यायला सांगा. सगळी टिंबं पोर्तुगीज गलबतं जिथे लागत, त्या किनाऱ्यांवर पडतील. उत्तर हिंदुस्थानात मात्र दरबाराची भाषा फारसी होती. हिंदीत पेरूला अमरूद म्हणतात आणि फारसीत अमरूद म्हणजे काय? नासपतीच! एकमेकांना न विचारता दोन भाषांनी एकाच फळाला एकच नाव दिलं. माझ्या मते एवढा पुरावा पुरे.

पेरू देशाचं नाव मिळालं ते एका पक्ष्याला, आणि तेही चुकून. आपण ज्याला टर्की म्हणतो त्याला पोर्तुगीज 'पेरू' म्हणतात. पक्षी खरा मेक्सिकोचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं. तुर्की व्यापाऱ्यांच्या हातून येणारी आफ्रिकेची गिनी कोंबडी त्यांच्या ओळखीची होती आणि हा नवा पाहुणा त्यांना तिचाच भाऊबंद वाटला. तुर्कस्तानात जाऊन विचारलंत तर तिथे त्याचं नाव आहे 'हिंदी'. फ्रेंचांनीही त्याला 'हिंदचा कोंबडा' केलं. डचांनी तर थेट गावच काढलं. त्यांचा 'काल्कून' म्हणजे कालिकतचा. आता गंमत बघा. १६१२ च्या सुमारास जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही नवलाच्या वस्तू आणि प्राणी घेऊन आग्र्याला आला. त्यात हा पक्षी होता. बादशहाने असा पक्षी जन्मात पाहिला नव्हता. त्याने आपल्या आत्मचरित्रात त्याचं बारीक वर्णन लिहून ठेवलं आणि चितारी मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. युरोप ज्याला हिंदचा म्हणून ताटात वाढून घेत होता, तो पक्षी हिंदच्या बादशहाला माहीत नव्हता!

नाव असं चुकतं, कारण ते शेतात ठेवलं जात नाही, बाजारात ठेवलं जातं. गिऱ्हाईक विचारतं, "कुठलं हे?" विक्रेता सांगतो ते शेवटचं बंदर, शेवटची पेठ, नाहीतर ज्याने माल आणला त्याचा मुलूख. माल कुठे पिकला हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

मोसंबी हे याचं आपल्या घरातलं उदाहरण. नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकचं. वास्को द गामा १४९८ साली हिंदुस्थानच्या वाटेवर तिथे थांबला, आणि पुढे लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या गलबतांचा तो ठरलेला मुक्काम झाला. वारे अनुकूल नसले तर महिनेच्या महिने तिथेच काढावे लागत. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारही गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. त्यामुळे त्या बाजूने आलेल्या गोडसर फळाला आपल्या किनाऱ्यावर 'मोसंबी' म्हटलं गेलं. प्रत्यक्षात या कुळातल्या फळांचं माहेर पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीनपर्यंतच्या पट्ट्यात. म्हणजे फळ आशियाचं, नाव आफ्रिकेचं, आणि २०१६ पासून भौगोलिक मानांकन जालन्याचं! मोझांबिक हे नावही तिथल्या एका शेखावरून, मूसा बिन बीक याच्यावरून पडलं असं सांगतात. तसं असेल तर मोसंबीवाला दिवसभर हातगाडीवर एका शेखाचंच नाव पुकारत असतो.

बंदराने नाव बळकावल्याची आणखी दोन उदाहरणं नातवाच्या वहीत लिहून द्या. मोका कॉफीतलं मोका हे येमेनचं बंदर. तिथल्या रेताड किनाऱ्यावर कॉफी पिकत नाही. ती पिकायची आतल्या डोंगरांत आणि जहाजावर चढायची मोक्याला. आपल्याकडे बाबा बुदन यांनी तिकडून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. गोव्यात स्वस्तात मिळणारी 'पोर्ट वाइन' ही पोर्तो शहराच्या नावाची नक्कल. खऱ्या पोर्टची द्राक्षं दोरो नदीच्या खोऱ्यात, शहरापासून लांब वरच्या अंगाला पिकतात, आणि पिंपं मुरत पडतात ती पोर्तोसमोर, नदीच्या पलीकडच्या गावात. पोर्तोकडे राहिलं फक्त नाव.

संत्र्याची गोष्ट मात्र जरा सांभाळून सांगा. पोर्तुगालमध्ये सिंत्रा नावाचं गाव आहे, त्यावरून संत्रं, असं पुष्कळांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांची यादी दिली आहे, तीत 'संगतरा' आहे. बाबर वारला १५३० मध्ये. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. वीस वर्षांत एका पोर्तुगीज गावाचं नाव आग्र्यापर्यंत जाऊन, रुळून, फारसी वळण घेऊन बादशहाच्या लेखणीत उतरलं असं मानायला फार उदार मन लागतं. उलट पोर्तुगालचंच नाव संत्र्याला मिळालं, पण दुसऱ्यांच्या भाषांत. अरबीत बुर्तुकाल, फारसीत पोर्तकाल, तुर्कीत पोर्तकाल, ग्रीकमध्ये पोर्तोकाली. गोड संत्री त्यांना पोर्तुगीज व्यापाऱ्यांकडून मिळाली ना! आपल्या 'नारंग'वरून फारसी नारंग, स्पॅनिश नारांहा आणि मग इंग्रजी ऑरेंज झालं, ते वेगळंच.

साखरेच्या बाबतीत तर अन्यायच म्हणायचा. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची युक्ती हिंदुस्थानची. 'शर्करा' आणि 'खंड' हे शब्द जगभर गेले, इंग्रजीत शुगर आणि कँडी झाले. आणि आपल्याच उत्तरेत पांढऱ्या साखरेला म्हणतात 'चिनी', खडीसाखरेला 'मिस्री'. एक चीनची, दुसरी मिस्रची, म्हणजे इजिप्तची. बाहेरून आलेला पांढराशुभ्र माल भारी, घरचा तो गूळ, हा समज तेव्हाही होता असं दिसतं. मराठीने साखर आणि खडीसाखर हे शब्द धरून ठेवले, ते बरं केलं. आपल्याकडे मिश्री म्हटलं की दाताला लावायची तंबाखू आठवते, आणि नातवाला ती माहिती एवढ्यात नको.

बेडगी मिरची ब्याडगीची. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यात हे गाव आहे आणि तिथली मिरचीची पेठ फार मोठी आहे. संकेश्वरी मिरची बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवून मालवणी मसाला कांडताना आपण ही दोन्ही नावं घेतो. रंग एकीचा, तिखटपणा दुसरीचा, गाव दोन्हींचं कर्नाटकात, आणि मसाल्यावर चिठ्ठी मालवणची! मालवणात राहणाऱ्या माणसाच्या डब्यावर मात्र ती चिठ्ठी नसते. कोल्हापुरात घरी कोणी "आज कोल्हापुरी मटण केलंय" म्हणत नाही. मटण म्हणजे मटण, बरोबर तांबडा आणि पांढरा रस्सा असणारच. 'कोल्हापुरी' हा शब्द लागतो तो पुणे सोडून निघालेल्या महामार्गावर, आणि 'व्हेज कोल्हापुरी' या पदार्थाला तर कोल्हापुरातल्या कुठल्याही आजीच्या चुलीवर जागा नव्हती. मुंबईत ज्या चिवट, काचेसारख्या मिठाईला कराची हलवा म्हणतात, तिलाच दक्षिणेत बॉम्बे हलवा म्हणतात. आपलं नाव आपल्याला परगावीच ऐकायला मिळतं.

प्रश्न : बोंबलाला इंग्रज 'बॉम्बे डक' म्हणत, ते रेल्वेने डाक नेणाऱ्या डब्यातून वाळवलेल्या बोंबलाचा वास यायचा म्हणून, 'बॉम्बे डाक'चं डक झालं. हे खरं का?
— एक वाचक, वसई

उत्तर : गोष्ट इतकी फक्कड आहे की खोटी ठरवताना वाईट वाटतं. पण तारखा जुळत नाहीत.

आपली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. मुंबई-कलकत्ता रुळांनी जोडली गेली ती १८७० मध्ये. आणि 'बॉम्बे डक' हे नाव १८२९ सालच्या एका इंग्रजी कवितासंग्रहात, या माशाचं टोपणनाव म्हणून, छापलेलं आहे. त्याच्याही आधीचे उल्लेख सापडतात. आगगाडी नसताना तिच्या डाकेच्या डब्याचा वास कसा येणार?

कंपनीच्या काळात गोऱ्या साहेबांनी एकमेकांना इलाख्याप्रमाणे नावं ठेवली होती. बंगालचे साहेब 'क्वाय-हाय', कारण नोकराला हाक मारायची तर "कोई है?" असं ओरडत. मद्रासचे 'मल', हे मुलगटानी या सूपवरून. मुलगटानी म्हणजे तमिळ 'मिळगु-तण्णी', मिऱ्यांचं पाणी. आणि मुंबईचे साहेब 'डक', कारण वाळवलेले बोंबील तळून वरण-भाताबरोबर खाण्याची त्यांना चटक लागली होती. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात हा सगळा तपशील आहे.

पण माशाला बदक का म्हणावं? मला पटणारं उत्तर इंग्रजांच्या एका जुन्या थट्टेत आहे. गरिबाच्या स्वस्त माशाला ते ऐटीत एखाद्या पक्ष्याचं नाव द्यायचे आणि पुढे गावाचं नाव जोडायचे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या यार्मथ गावच्या खारवलेल्या हेरिंग माशाला 'यार्मथचा कोंबडा' म्हणत. वेल्समधल्या गरिबाच्या घरी ससा कुठला, तर पावावर वितळलेलं चीज, आणि त्याचं नाव 'वेल्श रॅबिट'. याच चालीवर मुंबईचं बदक! पैसेवाला बदक खातो, आपण बोंबील, असा त्यातला टोमणा. कोळीवाड्यात बांबूच्या काठ्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला हा विनोद कधी कुणी सांगितला असेल असं वाटत नाही. तिला सांगायचं कारणही नव्हतं. तिने बोंबलाला बोंबीलच म्हटलं.

या माशावर पुढे एक संकटही आलं. १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या सुक्या बोंबलावर बंदी घातली. कारण स्वच्छतेचं : मासळी मान्यताप्राप्त कारखान्यात तयार झालेली हवी, उघड्यावर समुद्रकाठी वाळलेली नको. इंग्लंडमधल्या करी-शौकिनांनी बोंबील वाचवा म्हणून मोहीम काढली. शेवटी तडजोड झाली. वाळवा उघड्यावर, पण बांधणी मान्यता असलेल्या ठिकाणी करा. उन्हावाचून सुका बोंबील होत नाही, हे ब्रसेल्सच्या साहेबांना पटवायला काही वर्षं लागली.

प्रश्न : रशियन सॅलड रशियात मिळतं का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मिळतं, पण तिथे त्याला 'ओलिव्हिए' म्हणतात. मॉस्कोच्या हर्मिटाज उपाहारगृहात १८६० च्या दशकात ल्यूसियाँ ओलिव्हिए या आचाऱ्याने ते केलं, म्हणून त्याचं नाव. रशियन सॅलड हे नाव बाहेरच्यांनी ठेवलं. रशियात नववर्षाच्या रात्री ते नसेल असं घर विरळा.

प्रश्न : चिनी पाहुणे आले तर शेजवान नूडल्स आणि मंचुरियन वाढावं का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : वाढा, आवडेल. फक्त "तुमच्याकडचंच आहे" असं म्हणू नका.

मंचुरियन मुंबईचं आहे. नेल्सन वाँग हा कलकत्त्याच्या चिनी कुटुंबातला आचारी १९७५ मध्ये चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होता. गिऱ्हाइकाला काहीतरी वेगळं हवं होतं. त्याने आलं, लसूण, हिरवी मिरची असा आपल्याकडचा पाया घेतला, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणला आणि त्यात चिकनचे तळलेले तुकडे सोडले. मांचुरियाचा त्यात नावापुरताही वाटा नाही, कारण नावसुद्धा मुंबईतच पडलं. पुढे कोबीने चिकनची जागा घेतली आणि हा पदार्थ आळंदीपासून शिर्डीपर्यंत पोचला.

शेजवानची गोष्ट अधिक मजेशीर आहे. शेजवान म्हणजे सिचुआन, नैर्ऋत्य चीनचा प्रांत, आणि तिथल्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे एक छोटं, सुरकुतलेलं, तपकिरी फळ. ते चावलं की तिखट लागत नाही. जीभ बधिर होते, ओठांवर मुंग्या येतात. मिरचीचं तिखट आणि या फळाचा बधिरपणा मिळून तिथली चव होते. आपल्या शेजवान चटणीत लाल मिरची आहे, लसूण आहे, आलं आहे, व्हिनेगर आहे. ते फळ मात्र नाही. म्हणजे ज्याच्यामुळे सिचुआन सिचुआन, तेच गायब.

आणि ते आपल्याकडे नाही असंही नाही! कोकणातली माणसं आता हसत असतील. त्या फळाची सख्खी बहीण म्हणजे आपलं तिरफळ. वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना झँथोझायलम या एकाच कुळनामाखाली ठेवतात. बांगड्याच्या तिखल्यात ठेचून घातलेल्या तिरफळाने जिभेला जी मुंगी येते, तीच मुंगी सिचुआनमधल्या चेंगडू शहरातल्या माणसाला घरची वाटेल. तेव्हा पिंपरीच्या वाचकांनो, पाहुण्यांना खरंच त्यांच्या गावची आठवण करून द्यायची असेल, तर शेजवान नूडल्स राहू द्या. मालवणहून तिरफळं मागवा. आतली काळी बी काढून टाकायला विसरू नका, ती कडू लागते.

प्रश्न : उपवासाला आम्ही शेंदेलोण वापरतो. हल्ली सून 'हिमालयन पिंक सॉल्ट' आणते. महाग आहे, पण ते उपवासाला चालतं का?
— एक सासूबाई, नाशिक

उत्तर : चालतं, कारण ते शेंदेलोणच आहे.

शेंदेलोण म्हणजे सैंधव-लवण, सिंधूच्या मुलखातलं मीठ. गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाण्याच्या वस्तूंत याच्याइतकं जुनं नाव सापडणं कठीण. सैंधव म्हणजे सिंधूकडचा घोडाही. त्यामुळे संस्कृत पंडितांनी शब्दाचा अर्थ प्रसंगावरून कसा ठरतो हे शिकवताना हेच उदाहरण धरलं : "सैंधव आण" असं जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं आणि निघायच्या वेळी म्हटलं तर घोडा. हिंगाचंही तसंच. अमरकोशात त्याचं एक नाव 'बाल्हीक' आहे, म्हणजे अफगाणिस्तानातल्या बल्खकडचा, आणि हिंग अजूनही मुख्यतः तिकडूनच येतो. आपल्याकडे हिंगाची रोपं लाहौलच्या खोऱ्यात लावायला सुरुवात झाली ती २०२० मध्ये. जुन्या लोकांनी दिलेली ही दोन नावं खरी निघाली, हे मान्य करायला हवं. ती माणसं मीठ-हिंग विकत नव्हती, विकत घेत होती. कुठून येतं हे त्यांना माहीत असणं भागच होतं.

गुलाबी मीठ म्हणून जगभर जे विकलं जातं त्याचा मोठा भाग पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीचा. झेलम जिल्ह्यातली ही जागा मिठाच्या डोंगररांगेत आहे, हिमालय तिथून बराच लांब. पण पुड्यावर सिंधू लिहून भाव येत नाही, हिमालय लिहून येतो. मे २०२५ पासून पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालाला भारतात बंदी आहे. तेव्हा सूनबाईंना पुड्याची मागची बाजू वाचायला सांगा, खाण कुठली लिहिली आहे ते बघा. खरोखर हिमालयातलंच मीठ हवं असेल तर हिमाचलात मंडी जिल्ह्यात द्रंग आणि गुम्मा इथे सैंधवाच्या खाणी आहेत. नाहीतर वाण्याकडे सरळ शेंदेलोण मागा. खडे मिळतील, खलबत्त्यात कुटावे लागतील, आणि पैसे उरतील.